राबाचं भांडण

जांबोटीजवळ, आपल्या घरून
शिमग्यानंतरचा रविवार

ती. आई आणि ती. आप्पा,
शि. सा. नमस्कार.

फोनवर "सगळं बरं आहे" म्हणून मी मोकळी होते, म्हणून आज कागद घेतला. आप्पांना दादाच्या लिफ्टची सवय झाली का? घर ठीक आहे. न्हाणीवरची दोन कौलं माकडांनी काढली होती, ती बसवून घेतली.

आप्पा, खरं तर पत्र तुम्हालाच आहे. 2023 च्या मार्चमध्ये गोव्याच्या म्हादई अभयारण्यात आगी लागल्या होत्या, नौदलाची हेलिकॉप्टरं वरून पाणी ओतत होती. त्याच आठवड्यात तुम्ही फोनवर सहज म्हणालात, "काल राब भाजला." भाताचं रोप टाकायच्या आधी त्या जागेवर फांद्या-पाला पसरून जाळायचा, एवढंच ते. मग मी काय काय बोलले ते आईला पाठ असेल. तुमच्यासारख्यांमुळेच जंगलं जळतात, इथपर्यंत माझी मजल गेली. तुम्ही फक्त "बरं" म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. ते "बरं" अजून जात नाही मनातून.

आता दोन महिने इथं राहून वणव्याचंच काम करतेय, आणि रोज तुमचाच राब आठवतो. ऊन उतरल्यावर, दव धरायच्या बेताला, वरच्या बांधाकडून काडी लावायची. भोवती चार हात जागा झाडलेली, बाजूला दोन घागरी पाणी. वाळलेलं गवत, पाला याला आम्ही एका तासाचं इंधन म्हणतो: हवेतली ओल बदलली की तासाभरात त्याचीही बदलते. जाड ओंडक्याला त्यालाच हजार तास लागतात. दुपारी तीनला पायाखाली कडाकडा मोडणारा पाला रात्री नुसता वाकतो, हे मी पिशव्या भरभरून, तोलून बघते. तुम्ही मुठीत चुरून बघायचात.

चढाचंही तसंच. ज्वाळा चढाकडं झुकते आणि पुढचं गवत आधीच तापवून ठेवते. अमेरिकेत मिसुलाच्या प्रयोगशाळेत रिचर्ड रॉदरमेल यांनी 1972 मध्ये याचं गणित मांडलं: वारा, उतार, ओल, इंधन घाला, आग किती वेगानं सरकेल ते काढा. ते शिकण्यात माझी दोन वर्षं गेली. मी सातवीत असताना तुम्ही बांधावर उभं राहून म्हणाला होतात, "माणूस चढाला दमतोय, आग चढाला पळती." मी तेव्हा लक्षच दिलं नव्हतं.

पण सगळंच तुमचं खरं म्हणणार नाही हं. परवा ओढ्यापलीकडच्या उतारावर आग लागली. वॉचर कानडीत ओरडतच आला, "बेंकी बित्तु री!" आग लागली हो! ओल्या डहाळ्या घेऊन आम्ही नऊजण चार तास झोडपत होतो. गवतातून ती सर्रकन निघून गेली. ऐनाच्या त्या मगरीच्या पाठीसारख्या सालीवर नुसती काजळी. मग ओढ्याकाठच्या दाट राईत शिरली आणि एकदम बसली. गुडघ्याएवढीही ज्वाळा नाही, पाल्यातून मुंगीच्या चालीनं सरकतेय. सगळे घाम पुसत खाली बसले. वॉचर म्हणाला, आता काय, आपोआप विझेल.

तीच वाईट, आप्पा. सालीखालचा जिवंत थर साठ अंशांच्या आसपास मरतो. साल दुप्पट जाड असेल तर आच आत पोचायला चौपट वेळ लागतो. ऐन, कुंभा त्यावरच निभावतात. राईतल्या अंजनीच्या झाडांकडं तेवढी साल कुठली? आणि हळू आग बुंध्याशी रेंगाळते. काल जाऊन बघितलं: वर पानं हिरवीगार, बुंध्याशी नखानं साल उचलली तर आत ओलं पांढरं हवं तिथं तपकिरी. काही झाडं खालून फुटतील, काही वाळतील. मोकळ्या जागेत रानमोडीचं तण घुसणार, आणि उन्हाळ्यात वाळून तीच पुढच्या वणव्याला सरपण होणार. माळ जळला की कोवळं गवत येतं, गवे उतरतात, हे तुमचं कबूल. त्या राईला मात्र हा हिशोब लागू नाही.

आता तुमच्याकडं काम आहे. आम्ही ज्या उपग्रहांवर विसंबतो, त्यांना 375 मीटरचा चौकोन एक ठिपका दिसतो, तोही दुपारी दीड आणि रात्री दीडच्या सुमाराला. सातला लावून नऊला विझवलेला तुमचा राब त्यांच्या नोंदीत कधी आलाच नसणार. शिवाय दुसऱ्या जुन्या उपग्रहाच्या नोंदीही 2000 सालाच्या मागं जात नाहीत. त्याच्या आधीचं तुमच्या डोक्यात आहे: आजोबांची कुमरी, ती रान जाळून केलेली फिरती शेती, कुठल्या टेकावर होती, आग ओढा ओलांडून कधी आली, रानमोडी पहिल्यांदा कुठं दिसली. दादाच्या मोबाइलवर बोलून ठेवा. तारखा नकोत, "म्हैस व्याली त्या साली" चालेल. साल आई सांगेल.

शेजारचे काका रोज विचारतात, यंदा राब भाजायचा का. तोडलेल्या फांद्यांचं टाळं पसरून ठेवलंय, ओढ्याकडची कड सहा हात झाडलीय. काडी तुम्ही सांगाल त्या दिवशी लावीन. पाडव्याच्या आत फोन करा, नाहीतर वळीव येऊन सगळं भिजेल.

तुमची,
सुमी