व्यसन आजार आहे, मग केसपेपरवर लिहायची भीती का?

संपादक महोदय,

‘कुणी हात धरून पाजली होती का?’ दारूचे व्यसन हा आजार आहे असे म्हटले की हा प्रश्न ठरलेला. पहिल्या पेगापुरता तो रास्तही आहे. पण रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की पुढच्या तीन दिवसांत त्याच्या शरीराचे काय होते, ते पाहिलेला माणूस हा प्रश्न सहसा विचारत नाही.

शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात थरथरू लागतात. घाम, मळमळ, धडधड सुरू होते, झोप उडते. सकाळी उठल्या उठल्या ‘हात थांबावेत म्हणून’ घ्यावी लागते ती यामुळेच. पहिल्या 48 तासांत फिट येऊ शकते. साधारण तिसऱ्या दिवशी काहींना डिलिरियम ट्रेमेन्स होतो. भिंतीवर मुंग्या दिसतात, माणूस चादरीवरचे नसलेले किडे वेचत बसतो, दिवस की रात्र कळत नाही, ताप चढतो. उपचार झाले नाहीत तर यात जीव जाऊ शकतो. दारू मेंदूचा ब्रेक दाबून धरते. वर्षानुवर्षे रोज दाबलेल्या ब्रेकवर चालायचे म्हणून मेंदू अ‍ॅक्सिलरेटर वाढवून ठेवतो. दारू एकदम काढली की ब्रेक सुटतो, अ‍ॅक्सिलरेटर मात्र तसाच राहतो. इथे इच्छाशक्ती काय करणार?

अर्थात पिणारा प्रत्येक जण आजारी नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-10 या वर्गीकरणात सहा लक्षणे दिली आहेत: अनावर ओढ, किती प्यायची यावरचा ताबा सुटणे, बंद केल्यावर त्रास, तेवढ्याच नशेसाठी जास्त लागणे, बाकीच्या गोष्टींवरचे मन उडणे, आणि नुकसान दिसत असूनही चालू ठेवणे. वर्षभरात यातली तीन एकत्र दिसली तर ते अवलंबित्व. हिशेबाला सोपे जावे म्हणून सांगतो: 30 मिलिच्या एका पेगात साधारण 10 ग्रॅम अल्कोहोल असते, म्हणजे 180 मिलिच्या एका क्वार्टरमध्ये 60 ग्रॅम. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची 650 मिलिची बाटली चार पेगांच्या बरोबरीची. ‘मी फक्त बिअर घेतो’ या वाक्याला काडीचा अर्थ नाही.

घरोघरी चुका होतात त्या उपचार सुरू होण्याआधीच. गटारीला शेवटची घ्यायची आणि श्रावण पाळायचा, ही अधूनमधून पिणाऱ्याला झेपणारी गोष्ट. रोज क्वार्टर-दोन क्वार्टर रिचवणाऱ्याने तसे केले, किंवा घरच्यांनी त्याला खोलीत कोंडून ‘उतरू दे एकदाची’ म्हटले, तर फिट येण्याचा धोका खरा असतो. शिवाय असे एकदम सोडणे आणि पुन्हा धरणे वारंवार झाले की पुढच्या खेपेचा त्रास आधीपेक्षा वाढत जातो. म्हणून दारू सोडवायची ती डॉक्टरांच्या नजरेखाली. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम, आणि लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम, अशी गोळी पाच-सात दिवसांत उतरत्या मात्रेने देऊन बंद करतात. ती घरी मनाने द्यायची गोष्ट नाही.

दुसरी चूक सलाइनची. ‘अशक्तपणा आलाय, एक ग्लुकोज लावा’ असा आग्रह नातेवाईक धरतात. जेवण सोडून दारूवर राहिलेल्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, जवळपास संपलेले असते. ग्लुकोज वापरायला थायमिन लागते. ते न देता ग्लुकोज चढवले तर उरलेसुरलेही संपते आणि वेर्निकी नावाचा मेंदूचा विकार उफाळू शकतो: चाल लडखडते, डोळ्यांची हालचाल बिघडते, माणूस गोंधळतो. तो वेळीच ओळखला नाही तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. आधी थायमिनचे इंजेक्शन, मग ग्लुकोज, हा क्रम चुकता कामा नये.

तिसरी चूक ‘न कळत दारू सोडवा’ छापाच्या पुड्यांची. असे काही लपून द्यायचे असले की डायसल्फिरामची गोळी कुटून आमटीत घातली जाते. डायसल्फिराम हे चांगले औषध आहे, पण ते घेणाऱ्याला ठाऊक असेल तरच. ते पोटात असताना दारू घेतली की काही मिनिटांत चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय कमकुवत असेल तर प्राणावर बेतते. शेवटच्या पेगानंतर किमान 12 तास गेल्याशिवाय ते सुरू करत नाहीत, आणि बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत त्याचा परिणाम राहू शकतो. या काळात द्राक्षासवासारखी आसवे-अरिष्टेही चालत नाहीत, कारण त्यांत अल्कोहोल तयार झालेले असते. ओढ कमी करायला नाल्ट्रेक्झोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट ही औषधे आहेत. ती उघडपणे, समुपदेशनाच्या जोडीने द्यायची असतात. व्यसनमुक्ती केंद्रातला मुक्काम आणि नंतरच्या अ‍ॅल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्याच गटाच्या सभा यांचे मोल आहेच, पण शरीर आधी सावरले तर.

‘आजार म्हटले की बायकोला मारायला मोकळा’ ही भीती मात्र गैरलागू आहे. स्वतःहून घेतलेल्या नशेची सबब भारतीय न्याय संहितेत चालत नाही. आधीच्या दंडविधानातही चालत नव्हती. हात उगारला तर कायदा लागू होतो, आणि उपचार घेण्याची जबाबदारी रुग्णाचीच राहते.

आता मूळ मुद्दा. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था येतात. त्याच कायद्याचे कलम 21(4) म्हणते की मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्याच पायावर विमा मिळाला पाहिजे. आणि आपल्या आरोग्य विम्याची पॉलिसी उघडून पाहा. विमा नियामकाने 2019 मध्ये प्रमाणित केलेल्या वगळण्यांत, म्हणजे ज्यांचे पैसे विमा देत नाही त्या बाबींत, बारावी आहे ती व्यसनाच्या उपचारांची ‘आणि त्याच्या परिणामांची’. म्हणजे दारूने लिव्हर कायमचे खराब होणे, अर्थात सिरॉसिसही, त्यात आला.

याचा फटका पैशांपुरता राहत नाही. केसपेपरवर ‘अल्कोहोल’ हा शब्द आला तर क्लेम बुडेल, म्हणून नातेवाईक डॉक्टरांना तो लिहू नका म्हणून विनवतात, नाहीतर ‘कधीमधी घेतात’ एवढेच सांगतात. मग हर्नियासाठी किंवा मोडलेल्या पायासाठी दाखल झालेला माणूस तिसऱ्या दिवशी सलाइन उपसून धावत सुटतो. घरचे ‘बाहेरचं लागलं’ म्हणून अंगारा आणतात, आणि वॉर्डातल्या कुणालाच त्याच्या रोजच्या क्वार्टरबद्दल माहिती नसते.

निदान दारू सुरक्षितपणे तोडण्याच्या पाच-सात दिवसांच्या दाखल उपचारांना तरी विम्याने संरक्षण द्यावे. तोवर रुग्णालयांनी दाखल होणाऱ्या प्रत्येक प्रौढाला, शक्यतो नातेवाइकांना बाजूला करून, तीन प्रश्न विचारावेत: रोज किती घेता, शेवटची कधी घेतली, सकाळी हात थरथरतात का? उत्तरे खरी मिळाली तर थायमिन आणि उतरत्या मात्रेची गोळी ऑपरेशनच्या आधीच सुरू करता येते.

– व्यसनमुक्ती क्षेत्रात काम करणारे काही समुपदेशक व परिचारिका, सातारा