हात पूर्ण वर कर

एडिसन, न्यू जर्सी
24 ऑगस्ट 2025

चि. ओंकार यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शुक्रवारी फोन मी मध्येच ठेवला, त्याचे मला दोन दिवस वाईट वाटते आहे. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात पंट, म्हणजे समोरच्यांनी पायाने उंच मारलेला चेंडू, झेलण्यासाठी कोचने तुझे नाव पहिल्या क्रमांकावर लावले, पहिल्याच वर्षी लावले, ही बातमी तू आधी मला सांगितलीस, आणि मी शाबासकी देण्याऐवजी "मग हात वर करशील ना?" असे विचारून बसले, म्हणजे "मी पळणार नाही, मला झेलू द्या" अशी ती फेअर कॅचची खूण. त्यावर "फेअर कॅच म्हणजे मी भ्यालो असे सगळ्या मैदानाला सांगणे आहे" हे तुझे वाक्य कानावर पडले आणि पुढे माझ्याने बोलवेना. बाबांनी मात्र त्याच संध्याकाळी सईच्या हाती शेजारी पेढे धाडले.

या पत्रात तो विषय काढायचा नाही असे ठरवले होते. पण तुझ्यापाशी दुसरे लिहायचे तरी काय?

तू नववीत असताना ओट्याशी माझ्या शेजारी उभा राहून मला हा खेळ शिकवलास. मी मटार सोलत होते आणि तू शेंगा मांडून दाखवत होतास की चेंडू मागे फेकल्यापासून पायाला लागेपर्यंत सुमारे दोन सेकंद जातात आणि चांगला पंट हवेत चार सेकंद राहतो. म्हणजे अंगावर येणाऱ्यांना सहा सेकंद मिळतात आणि त्यांना कापायचे असतात चाळीसेक यार्ड. ज्याला वाटेत कोणी अडवले नाही असा वेगवान मुलगा चेंडूबरोबरच पोहोचणार, हा हिशेब तुझाच आहे, माझा नाही. त्याला मी एकच जोड देते. टीव्हीवर दिसणाऱ्या एनएफएलमध्ये, त्या व्यावसायिक संघांच्या स्पर्धेत, पाय चेंडूला लागण्याआधी फक्त कडेचे दोघे पुढे सुटू शकतात. कॉलेजच्या नियमांत ते बंधन नाही, सगळे आधीच सुटू शकतात. म्हणून टीव्हीवर ज्या पंटवर तो खेळाडू पळताना दिसतो, त्याच उंचीच्या पंटवर तुझ्यापुढे दोनऐवजी पाच जण उभे असतील. एनएफएलच्या देविन हेस्टरने पंट परतवून, म्हणजे झेलून थेट समोरच्या टोकापर्यंत पळत नेऊन, 14 टचडाउन केले आणि 2024 मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये मान मिळाला, हे तुझ्या खोलीतल्या भिंतीवरून मला पाठ आहे. तू त्याच्यासारखे पळू नयेस असे मी म्हणत नाही. त्याच्यापुढे जितकी मोकळी जागा असे तितकी तुझ्यापुढे आहे का, एवढे पाहून मग पळ.

तुझ्या शाळेच्या कोचचा नियम मला अजून पटतो: चेंडू अर्ध्यावर असताना एकदाच नजर खाली आणायची, पहिला माणूस कुठे आहे ते टिपायचे आणि पुन्हा वर पाहायचे. तो पाच यार्डांच्या आत येणार असे वाटले की हात. दुसऱ्यांदा खाली पाहिले तर चेंडू हरवतो. खुणेशिवायही तुला झेलू देणे त्यांच्यावर बंधनकारक आहे हे खरे, पण ते संरक्षण झेल पुरा होईपर्यंतच असते, आणि झेल घेतल्याच्या क्षणी तुझे डोळे वर असतात, हात छातीशी गुंतलेले असतात आणि बरगड्या उघड्या असतात.

पाहा, मी पुन्हा शिकवायला लागले. क्षमा कर. तुला हे सगळे माझ्याआधी कळलेले आहे.

बाबा नेहमी 19 डिसेंबर 2010 ची गोष्ट सांगतात. तू तीन वर्षांचा होतास आणि त्यांच्या मांडीवर झोपला होतास. आपले न्यू यॉर्कचे जायंट्स फिलाडेल्फियाविरुद्ध 31-10 असे पुढे होते आणि अखेरच्या आठ मिनिटांत बरोबरी झाली. शेवटच्या पंटवर फिलाडेल्फियाच्या देशॉन जॅक्सनच्या हातून चेंडू आधी निसटला, मग त्याने तो उचलला आणि 65 यार्ड पळून सामना नेला. बाबा ओरडले, तू दचकून रडायला लागलास. पुढे मोठा झाल्यावर तू ती धाव किती वेळा पाहिलीस याची मोजदाद नाही. मला मात्र त्यानंतरचा जानेवारी 2012 चा सामना जास्त आठवतो, तोही जायंट्सचाच, सॅन फ्रान्सिस्कोविरुद्धचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या काइल विल्यम्सला टप्पे घेत येणारा चेंडू टाळायचा होता, पण तो पुरेसा दूर झाला नाही आणि चेंडू त्याच्या गुडघ्याला घासून गेला. जादा वेळेत पुन्हा पंट परतवताना त्याच्या हातून चेंडू सुटला आणि संघ 20-17 ने हरला. आपल्या घरात त्या रात्री आनंद होता, पण त्या मुलाचा चेहरा पडद्यावर आला तेव्हा मी उठून स्वयंपाकघरात गेले. त्याला नंतर जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. म्हणून मी म्हणते की झेलायचे नसेल तर अर्धवट जवळ उभा राहू नकोस. "पीटर, पीटर" अशी चेंडूपासून दूर होण्याची हाक दे, तुझ्या माणसांना दूर कर आणि स्वतःही बाजूला हो. शाळेत चेंडू गोल लाइन ओलांडताच मेलेला धरत, कॉलेजात तसे नाही, तिथे समोरचे खेळाडू तो हवेतच परत ढकलून एक यार्डावर अडवू शकतात. तरीही टाचा दहा यार्डांच्या रेषेवर ठेवून मागे न सरकण्याचा तुझा जुना नियम मला योग्यच वाटतो.

फेअर कॅचने काही मिळत नाही असे तू म्हणालास. गेल्या 19 डिसेंबरला एनएफएलमधल्या चार्जर्स संघाच्या खेळाडूने हात वर केलेला असताना समोरचा त्याच्यावर आदळला, 15 यार्डांचा दंड झाला आणि त्याच संघाच्या कॅमेरॉन डिकरने तिथून 57 यार्डांची मोकळी किक मारून तीन गुण घेतले. 1976 नंतर पहिल्यांदा कोणाला ते जमले. कॉलेजच्या नियमांत ती किक नाही, हे तू मला सांगशीलच, आणि ते बरोबर आहे.

मग तुझीच गोष्ट सांगते. दहावीतला तो पावसातला सामना, वारा तोंडावर, चेंडू डावखुऱ्या पायाचा आणि उलटा फिरणारा. तिघे अंगावर आलेले असताना तू बारा यार्डांच्या रेषेवर हात सरळ उभा करून तीन वेळा आडवा हलवलास, एक पाऊल उजवीकडे घेतलेस आणि चेंडू पोटाशी घेतलास. ते तिघे तुझ्याभोवती गाडीचे ब्रेक लागावेत तसे थांबले. एकाच्या बुटाखालचा चिखल तुझ्या पोटरीवर उडाला. टाळ्या वाजल्या नाहीत. त्या दिवशी माझे पोर मोठे झाले असे मला वाटले, आणि ते मी तुला कधी सांगितले नाही.

आता जे लिहायला बसले होते ते. गेल्या ऑक्टोबरात तुला जो मार बसला, ज्यानंतर तू मला गाडीत चार वेळा "आज वार कोणता?" असे विचारलेस आणि तीन आठवडे अंधाऱ्या खोलीत काढलेस, त्या पंटच्या वेळी तुझा हात वर येत होता. खांद्याच्या वर, कानापर्यंत आला होता. मी ते पाहिले. आणि मी बाकावर उभी राहून मराठीत "पळ!" असे ओरडले. सांगलीच्या मैदानावर खो-खो खेळताना आबा खांबामागून मला तसेच ओरडत, ते माझ्या रक्तात आहे, पण ती काही सबब नव्हे. तुझा हात खाली गेला. तुला माझा आवाज ऐकू आला की तू स्वतःच ठरवलेस, हे मी दहा महिन्यांत विचारू शकले नाही. शुक्रवारी तू "भ्यालो" म्हणालास तेव्हा मला वाटले की ते तुझ्या मनात मीच घातले. त्या मैदानावर इतके लोक ओरडत होते, पण मराठीत ओरडणारी मी एकटीच होते.

अर्धा हात कोणाला दिसत नाही रे. समोरून जो धावत येतो त्याला तुझा कोपर दिसतो आणि तो थांबत नाही. करायचा तर कोपर ताठ, डोक्याच्या वर, एकाहून अधिक वेळा हलवलेला, आणि करायचा नसेल तर मुळीच उचलू नकोस. आतापुरते मी तुझ्याकडे एवढेच मागते, आणि कदाचित पुन्हा मागेन.

6 सप्टेंबरच्या सामन्याला आम्ही तिघे येतो आहोत. सई फलक रंगवते आहे. मेतकूट आणि डिंकाचे लाडू आणते, खोलीतल्या मुलालाही दे, गेल्या वेळी त्याने डबा धुऊन परत दिला होता. मी बाकावर शांत बसेन.

तुझी,
आई

ता. क. पहिल्या सामन्यातल्या त्यांच्या पंटरचे गेल्या वर्षीचे चित्रण बाबांनी शोधून काढले. चार पंट आहेत, मी घड्याळ लावून हवेतला वेळ मोजला: 4.1, 3.9, 3.3 आणि 4.2 सेकंद. तिसरा पंट खाली आणि लांब गेला आहे, त्याची माणसे पंधरा यार्ड मागे राहिली आहेत. तसा आला तर पळ.