‘हवाच आसा ती!’ : पर्यटन मंत्र्यांना देवबागहून खुले पत्र

प्रति,
मा. पर्यटन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : सिंधुदुर्ग किनाऱ्यावरील स्कूबा सिलिंडरांची पावसाळ्यातच तपासणी करून घेण्याबाबत

महोदय,

मी देवबागचा. मुंबईत अग्निशमन दलात २९ वर्षं काढली आणि आता गावी घराच्या मागच्या दोन खोल्या पर्यटकांना देतो. दलात असताना धुरात शिरायचं तर पाठीवर बीए सेट, म्हणजे श्वासासाठी हवेचा सिलिंडर, घ्यावा लागे. ड्युटीवर हजर झालो की आधी सिलिंडरचा गेज बघायचा, मग चहा. ती सवय अजून सुटलेली नाही आणि हे पत्र त्या सवयीपायीच लिहितो आहे.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा होता. हंगाम आटोपत आलेला. इथल्याच एका स्कूबावाल्याच्या मांगरात, म्हणजे सामानाच्या खोपीत, दहा-बारा सिलिंडर भिंतीला टेकवून उभे होते, दोन बाहेर तापल्या वाळूत आडवे पडले होते. एकाला ताजा पिवळा रंग मारलेला, ब्रशाचे फराटे दिसत होते. सिलिंडरच्या खांद्यावर तपासणीची तारीख ठोकलेली असते, नेमका तिथंच रंगाचा थर जाड. खिशातला रुपया काढून मी तेवढं खरवडलं. आठ वर्षांपूर्वीची तारीख निघाली. त्यापुढचा शिक्का शोधला, नव्हताच. सिलिंडर भरणारा पोरगा हसून म्हणाला, “काका, हवाच आसा ती. गॅस थोडोच आसा?”

पोरगा कामाचा आहे. पोहता न येणाऱ्या माणसाला पाण्याखाली धीर देऊन मासे दाखवून आणतो, ते सोपं नाही. पण त्याच्या हातात काय आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

आपल्या गाडीच्या टायरमध्ये ३०-३५ पीएसआय हवा असते. या सिलिंडरमध्ये ३०००, म्हणजे दाबाच्या दुसऱ्या मापात साधारण २०० बार. अकरा लिटरच्या भांड्यात बावीसशे लिटर हवा कोंबलेली. तळहाताएवढ्या, शंभर चौरस सेंटिमीटरच्या तुकड्यावर आतून वीस टनांचा रेटा बसतो. तो रेटा चौदा-पंधरा किलोंचं ॲल्युमिनियम रात्रंदिवस सोसत असतं. अशा भरल्या सिलिंडरचा वाल्व्ह आपटून मोडला तर सिलिंडर गळत बसत नाही, रॉकेटसारखा सुटतो. बोटीतून धक्क्यावर तो कसा फेकतात ते एकदा येऊन बघा. खोबऱ्याचं पोतं बरं, असं म्हणाल.

दुसरीकडे, ज्याला त्याला हा ‘ऑक्सिजनचा सिलिंडर’ वाटतो. पर्यटक तसं म्हणतात, बातम्यांतही तसंच छापून येतं, आणि काही स्टॉलवाल्यांच्या पाटीवरही तेच. आत असते ती तुमची-आमची साधी हवा, २१ टक्के ऑक्सिजनची. निव्वळ ऑक्सिजन घेऊन सहा मीटरखाली गेलं तर माणसाला आकडी येऊ शकते. पाण्यात आकडी आली की तोंडातलं रेग्युलेटर, म्हणजे हवा देणारी तोटी, सुटतं. उद्या कुणी या पाटीवर भरवसा ठेवून वेल्डिंगवाल्याकडून सिलिंडर भरून आणला, तर? म्हणून पाट्या बदलणंसुद्धा मी सुरक्षिततेचंच काम समजतो.

रंगाचं घ्या. समुद्राच्या खाऱ्याने सिलिंडरचा रंग उडतो, मग लोक तो गॅरेजमध्ये नेतात. हाताने रंग मारला तर शिक्का बुजतो, एवढंच. भट्टीत भाजून रंग दिला तर ॲल्युमिनियमची ताकदच कमी होते. सिलिंडर बाहेरून नवाकोरा दिसतो. त्यातून जुन्या मालात आणखी एक भानगड आहे. परदेशात पूर्वी ६३५१ नावाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे सिलिंडर निघत. पुढे त्यांच्या मानेला आतून तडे जाऊ लागले आणि कारखानदारांनी धातूच बदलला. आपल्या किनाऱ्यावर असे किती असतील, हे शिक्के वाचल्याशिवाय कसं कळणार?

आता पावसाळा. मेअखेर बोटी वर ओढल्या की सिलिंडर तीन-साडेतीन महिने मांगरात पडून असतात, आणि बिघडतात ते तेव्हाच. बरेच जण वाल्व्ह उघडून सगळी हवा सोडून देतात, भरलेला ठेवायला भीती वाटते म्हणून. भीती रास्त आहे, उपाय चुकीचा. पूर्ण रिकाम्या सिलिंडरमध्ये जूनची दमट हवा शिरते, खाऱ्या पाण्याचे चार थेंबही जातात. दहा-वीस बार हवा आत ठेवून वाल्व्ह बंद केला की बाहेरचं आत येत नाही. सिलिंडर उभाच ठेवायचा, म्हणजे ओल साठलीच तर जाड बुडाशी साठते. उभा म्हणजे साखळीने किंवा दोरीने भिंतीला बांधून, नुसता टेकवून नव्हे. लोखंडी सिलिंडर असेल तर आतला गंज ऑक्सिजन खातो. गेजवर हवा दिसते, पण श्वास घेणाऱ्याला ती पुरत नाही. आमच्या दलात अशा हवेवर कुणाला आत सोडलं नसतं.

कॉम्प्रेसरचं थोडक्यात सांगतो. पेट्रोलवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरची हवा ओढायची नळी धुराच्या नळकांड्याच्या वाऱ्याखाली आली, की कार्बन मोनॉक्साइड थेट सिलिंडरमध्ये भरला जातो. दहा मीटरवर एकूण दाब वरच्यापेक्षा दुप्पट, तिथं त्याचं विषही दुप्पट भिनतं.

कायदा नाही असं कुणी म्हणू नये. गॅस सिलिंडर नियम, २०१६ प्रमाणे मुदतीत तपासणी न झालेला सिलिंडर भरताच येत नाही, आणि तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच व्हावी लागते. हे बघणाऱ्या पेसोचं, म्हणजे स्फोटकं आणि दाबाखालच्या वायूंची सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचं, मुख्य कार्यालय नागपुरात आहे, आपल्या हिवाळी अधिवेशनाच्याच गावात. पण ते केंद्र सरकारचं. बोटी मेरीटाइम बोर्डाकडे, साहसी पर्यटनाची नोंदणी आपल्याकडे. शिवाय न जळणाऱ्या, विषारी नसलेल्या वायूचे दोनशेपर्यंत सिलिंडर साठवायला परवाना लागत नाही. आमच्या मांगरात असतात बारा. त्यामुळे तिथं कुणी डोकावत नाही. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले. त्यानंतर बोटींची, लाइफ जॅकेटची चर्चा झाली. सिलिंडरचं नाव तेव्हाही कुणी काढलं नाही.

स्कूबावाल्यांची बाजूही ऐकावी. ते म्हणतात, सिलिंडर तपासायला बाहेरगावी पाठवले की आठ-आठ दिवस अडकून पडतात. भर हंगामात धंदा कशावर करायचा? खरंच आहे. म्हणूनच म्हणतो, पावसाळ्यात करा. जून ते ऑगस्ट सिलिंडर बिनकामाचे, पोरंही रिकामी. पेसोशी बोलून मान्यताप्राप्त केंद्राची गाडी मालवणला आणावी आणि सगळे सिलिंडर एकदम उचलून न्यावेत. हायड्रो टेस्टमध्ये सिलिंडरमध्ये पाणी भरून नेहमीपेक्षा जास्त दाब देतात. पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, त्यामुळे फुटला तरी उडत नाही. पास झालेल्याला नवा शिक्का, नापास झालेल्याला आरपार भोक, म्हणजे तो पुन्हा रंगून बाजारात यायला नको. गरीब व्यावसायिकांचा पहिल्या वर्षीचा खर्च पर्यटन खात्याने सोसावा. त्याच वेळी तारकर्लीच्या एमटीडीसीच्या स्कूबा संस्थेत सिलिंडर भरणाऱ्या पोरांना दोन दिवस बसवावं. डायव्हिंगचं नको, ते त्यांना येतं. सिलिंडर भरणं, वाहणं, ठेवणं एवढंच शिकवावं, आणि जमलं तर मालवणीत.

त्यानंतर नोंदणीच्या नूतनीकरणाच्या अर्जाला एक रकाना जोडावा : सिलिंडर क्रमांक आणि शेवटच्या तपासणीची तारीख. रकाना कोरा असेल तर नूतनीकरण नाही.

या पत्राची प्रत नागपूरच्या कार्यालयालाही पाठवतो आहे. तो पिवळा सिलिंडर सध्या माझ्या पडवीत आहे. पोराने आपणहून आणून दिला. दहा बार हवा ठेवून, दोरीने खांबाला बांधून ठेवला आहे. तपासणीची गाडी आली तर पहिला तोच चढवेन.

आपला,
एक निवृत्त बंबवाला
देवबाग, ता. मालवण