अटाल्यासोबत चिठ्ठीही द्या

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घट बसायचे म्हटले की रामबाग, मल्हारगंज, जुनी इंदूर या भागांतल्या घरांचे माळे उतरू लागतात. जे उतरते त्यातले निम्मे परत चढत नाही. ते ओटल्यावर येते, दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात येते आणि तिसऱ्या दिवशी अटालेवाल्याच्या, म्हणजे भंगारवाल्याच्या, ठेल्यावर पडते. तिकडे भंवरकुआंच्या बाजूला सत्र संपले की विद्यार्थी खोल्या सोडतात, तेव्हाही टेबल, कूलर, गाद्या अशाच रस्त्यावर येतात.

आपल्या शहराची गाडी कचरा सहा प्रकारांत वेगळा घेते. 'स्वच्छ सर्वेक्षणा'त २०१७ पासून मिळालेल्या पहिल्या क्रमांकांमागे ही शिस्त आहे, त्याबद्दल वाद नाही. पण सातव्या प्रकाराला गाडीत कप्पा नाही: चालण्याजोगी, पण आता आमच्या घरी नको असलेली वस्तू. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या 'मेरी लाइफ, मेरा स्वच्छ शहर' मोहिमेत शहरोशहरी 'आरआरआर' (रिड्यूस, रियूज, रिसायकल: कमी वापरा, पुन्हा वापरा, नवे करा) केंद्रे निघाली, ती याच वस्तूंसाठी. कपडे, पुस्तके, खेळणी यांचे तिथे सोपे असते, कारण पाहताक्षणी त्यांची अवस्था कळते. पंखा, मिक्सर किंवा पलंग पाहून काहीच कळत नाही. काय बिघडले आहे हे देणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते, आणि अटालेवाल्याला ते कळून उपयोग नसतो; तो वजन करतो.

म्हणून सूचना एवढीच की वस्तू बाहेर काढताना तिला एक चिठ्ठी बांधावी. चार गोष्टी पुरेत: काय चालते, काय चालत नाही, कोणता भाग हरवला आहे, आणि किती दिवसांपासून बंद आहे. फर्निचर असेल तर लांबी-रुंदी-उंची इंचांत. 'पंखा खराब' असे लिहू नये. 'गुणगुणतो, पण हाताने ढकलल्याशिवाय फिरत नाही' असे लिहावे. जाणकाराला या एका ओळीत रोग आणि औषध दोन्ही कळतात: कपॅसिटर, म्हणजे मोटरीला फिरण्याचा रेटा देणारा लहान डबा, गेला आहे. छताच्या पंख्याला बहुधा २.५ मायक्रोफॅरडचा असतो, काहींना ३.१५ चा. जुन्यावर छापलेला आकडा पाहून तोच घ्यावा. जास्तीचा घातला तर पंखा जोरात फिरेल या समजुतीने लोक मोठा बसवतात आणि मोटर तापवून जाळतात. वर्षानुवर्षे हळूहळू मंदावत गेलेल्या पंख्यालाही बहुधा हेच कारण असते. फिरवताना खरखर येत असेल तर बेअरिंग. तेही बदलता येते. जळका वास येत असेल तर वाइंडिंग, म्हणजे मोटरीतले तारांचे वेटोळे, आणि मग दुरुस्ती परवडते का याचा हिशेब करावा.

मिक्सरची गोष्ट तर हळहळ वाटावी अशी. चटणी वाटताना भांडे अडकले, मोटर बंद पडली, की 'जळाला' म्हणून तो माळ्यावर जातो. बहुतेक मिक्सरच्या बुडाला एक लहान, बहुधा लाल बटण असते. भार जास्त झाला की ते आपोआप सुटते आणि वीज तोडते. पाच-दहा मिनिटे थंड होऊ द्यावे, प्लग काढून बटण दाबावे, रिकामाच चालवून पाहावा. असे चांगले मिक्सर दरवर्षी किलोच्या भावाने जातात. बटण दाबूनही थांबत-थांबत चालत असेल आणि आत ठिणग्या दिसत असतील तर कार्बन, म्हणजे फिरत्या मोटरीला वीज पोचवणारे दोन तुकडे, झिजले आहेत. ते जोडीने बदलायचे, एकच बदलला तर झीज विषम होते. मोटर फिरते पण पाते फिरत नाही, तर कपलर, म्हणजे मोटर आणि भांडे जोडणारा दातेरी तुकडा. भांड्याखालून पाणी झिरपते, तर बुश, म्हणजे पात्याचा दांडा ज्यात फिरतो ती नळी. हे मात्र ताबडतोब पाहावे, कारण ते पाणी खाली मोटरीत उतरते.

घेणाऱ्याने अनोळखी विजेची वस्तू थेट भिंतीच्या सॉकेटला लावू नये. इलेक्ट्रिशियनकडे सिरीज बोर्ड असतो: १०० वॉटचा जुना, तारेचा पिवळा बल्ब वस्तूच्या वाटेत जोडलेला. एलईडी तिथे चालत नाही. वस्तूत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि फ्यूज वाचतो. मोटर ठीक असेल तर तो मंद राहतो. इस्त्री, गीझर अशा तापणाऱ्या वस्तूंना ही खूण लागू नाही. त्यांच्यावर बल्ब चांगलाच पेटतो आणि ते बरोबरच आहे. इस्त्रीचे दुखणे पुष्कळदा वायरमध्ये निघते, जिथे ती मुठीत शिरते त्या वळणापाशी. कूलरबद्दल एक ताकीद हवीच. लोखंडी खोका, आत पाणी, आणि तीनऐवजी दोन पिनांचा प्लग, ही जोडी जीव घेते. अर्थिंगची तिसरी वायर लावल्याशिवाय जुना कूलर सुरू करू नये, आणि चालू कूलरमध्ये हात घालून पाणी भरू नये. पत्रा खालून कुजला असेल तर खोका सोडून द्यावा. पंखा आणि पंप काढून घ्यावेत. तो पंखा गॅलरीत किंवा स्वयंपाकघरात एक्झॉस्ट म्हणून उत्तम चालतो.

काही वस्तू मात्र कोणी फुकट दिल्या तरी उघडू नयेत. मायक्रोवेव्हमधला कपॅसिटर प्लग काढल्यावरही घातक दाबाची वीज धरून ठेवतो. जुन्या फुगीर टीव्हीची नळीही तशीच, शिवाय तिच्या काचेत शिसे असते. फ्रिजचे कपाट करण्याची हौस अनेकांना असते, पण अलीकडच्या फ्रिजमध्ये आर-६००ए हा पेट घेणारा गॅस असतो. मागची नळी करवतीने कापणे म्हणजे आपणहून ठिणगी पाडणे. गॅस आणि कॉम्प्रेसर मेकॅनिककडूनच काढवून घ्यावेत आणि दाराची रबरी पट्टी काढून टाकावी. लपाछपीत आत शिरलेल्या मुलाला बंद फ्रिजचे दार आतून उघडता येईलच असे नाही. इन्व्हर्टरची बॅटरी दुकानदाराला परत करायची, तिच्यातून काही करायचे नाही.

आता लाकूड, कारण या शहरात खरे धन तिथे आहे. जुने वाडे पाडले जातात तेव्हा सागवानी चौकटी, दारे, तुळया निघतात. सागवान ओळखायचे तर कापलेली कड पाहावी: रेषा वरच्या फळीतून कडेतही उतरलेल्या दिसतात, प्लायमध्ये थर दिसतात, पार्टिकल बोर्डमध्ये भुसा. न दिसणाऱ्या जागी थोडे घासले की सागवानाचा तेलकट, चामड्यासारखा वास येतो. पार्टिकल बोर्डचे टेबल कडांना फुगले असेल तर ते आणूच नये. फुगलेला बोर्ड परत बसत नाही आणि त्यात स्क्रू धरत नाही. घेतलेच तर स्क्रूऐवजी आरपार बोल्ट आणि दोन्ही बाजूंनी रुंद वॉशर.

लाकडाला टाचणीएवढी भोके असतील तर ती जुनी की चालू, हे पाहावे. वस्तू आपटून कागदावर रात्रभर ठेवावी. सकाळी ताजी पिवळसर पूड पडली असेल तर भुंगा आत काम करतो आहे. वाळवी असेल तर मातीच्या नळ्या दिसतात आणि बोटाने ठोकले की पोकळ आवाज येतो. देणाऱ्याने हे चिठ्ठीत लिहायला हवे. लाज वाटण्यासारखे त्यात काही नाही.

दाराचे जेवणाचे टेबल करायचे तर आधी लोहचुंबक पूर्ण फळीवरून फिरवावे. रंगाखाली खिळे लपलेले असतात आणि सुताराचे पाते एका खिळ्यात जाते. दाराचा खालचा भाग फरशी पुसण्याच्या पाण्याने बहुधा कुजलेला असतो. सात फुटी दारातून तीन-चार इंच कापले तरी सहा फुटांचे टेबल निघते. उंची २९ ते ३० इंच ठेवावी. दाराच्या दिल्ह्यांमुळे, म्हणजे चौकटीत बसवलेल्या खोलगट फळ्यांमुळे, वर खड्डे राहतात, म्हणून लोक काच टाकतात. सहा बाय तीन फुटांची ८ मिमी काच सुमारे ३३ किलो भरते. पाय त्या हिशेबाने हवेत. पाय जोडताना फळीला जखडू नये. आपल्याकडे मे महिन्यात लाकूड आक्रसते आणि ऑगस्टमध्ये फुगते. स्क्रूची भोके आडवी लांबट ठेवली नाहीत तर फळी मधोमध तडकते.

आणि रंग. घरगुती रंगातील शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) करणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत, विशेषतः जुन्या चकचकीत तैलरंगांत, शिसे असू शकते. म्हणून जुने दार कोरडे घासू नये आणि रंग जाळून काढू नये. ओले करून खरवडावे, ढलप्या वर्तमानपत्रात गोळा करून घातक कचऱ्यात द्याव्यात. अशा लाकडाचा पाळणा किंवा खेळणी तर मुळीच करू नयेत.

शिलाई मशीनच्या लोखंडी पायांना सध्या फार मागणी आहे. ते बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, असतात. कान तुटला म्हणून नेहमीच्या वेल्डरकडे साध्या रॉडने जोडले तर थंड होताना जोडाशेजारीच नवी चीर पडते. निकेलच्या रॉडने, आधी भाग तापवून, किंवा पितळेने झाळून घ्यावे. नाहीतर मागून पट्टी देऊन बोल्ट मारावा. वर चार बाय दोन फुटांपेक्षा मोठी फळी ठेवली तर कडेला हात टेकताच ती कलंडते. खालचे पायडल तारेने बांधून टाकावे, लहान मुलांची बोटे चाकात जातात.

पितळी दिसणाऱ्या भांड्यांना चुंबक लावून पाहावा: चिकटले तर वर पितळेचा मुलामा, आत लोखंड. स्टीलला मात्र ही कसोटी लावून फसू नये. काही चांगल्या प्रतीचे न गंजणारे स्टीलही चुंबकाला चिकटते, वॉशिंग मशीनचे ड्रम पुष्कळदा अशाच पोलादाचे असतात. त्यांच्या कुंड्या सुंदर होतात, भोके आयतीच. तांब्याचा बंब, घंगाळ, हंडा वितळवायला देण्याआधी कसेरा बाजारात दाखवावा. त्यात पुन्हा शिजवायचे तर कल्हई हवी, आणि छिद्र कथिल-शिशाच्या सोल्डरने बुजवलेले असेल तर पिण्याचे पाणी त्यात नको. हे बाहेरून कळत नाही. पुन्हा चिठ्ठी.

नमकीनच्या कारखान्यांतून तेलाचे १५ किलोचे डबे मुबलक निघतात. ते राखेने घासून, मग धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्याने धुवावेत. कुंडी करायची तर तळाला ८-१० मिमीची पाच-सहा भोके आतून बाहेर पाडावीत, म्हणजे पाणी अडत नाही, आणि आतून डांबराचा हात द्यावा. तरी दोन-तीन पावसाळे, त्यापुढे नाही. उन्हाळ्यात पत्रा तापून मुळे भाजतात, भोवती ओले पोते गुंडाळावे. रसायनाचा किंवा थिनरचा डबा मात्र कधीही गॅसकटरने कापू नये. रिकाम्या डब्यातली वाफच फुटते.

गाद्या आणि सोफे रस्त्यावरून उचलू नयेत, एवढेच. पलंग घेतलाच तर सांध्यांत काळे ठिपके आहेत का ते पाहावे. ती ढेकणांची खूण. पंधरा दिवस अंगणात ठेवला की ढेकूण उपाशी मरतात हा समज खोटा आहे, ते कित्येक महिने तग धरतात. लोखंडी पलंगाच्या सांध्यांत उकळते पाणी ओतावे, दहा दिवसांनी पुन्हा, कारण मधल्या काळात राहिलेली अंडी फुटतात. लाकडी पलंगाला हे चालत नाही, पॉलिश पांढरे पडते आणि सरस सुटतो. रॉकेलचा जुना उपाय आग लावणारा आहे, तो विसरावा.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती. घटस्थापनेपासून धनत्रयोदशीपर्यंतच्या रविवारी 'देणे-घेणे' असा अर्धा स्तंभ विनामूल्य द्यावा: वस्तू, माप, दोष, मोहल्ला, तीन ओळींत. ज्या नोंदीत दोष लिहिलेला नसेल ती छापू नये. नगर निगमनेही (महापालिकेनेही) आपल्या 'आरआरआर' केंद्रांवर कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि एक पेन्सिल टांगून ठेवावी. पेन्सिलच, कारण परतीच्या पावसात शाई उतरते. आणि चिठ्ठी सेलोटेपने चिकटवू नये, जुने पॉलिश त्याबरोबर निघून येते. भोक पाडून सुतळीने बांधावी.

आपला,
एक वाचक
रामबाग, इंदूर