त्सुकुशी हे तण आहे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत 'हाना योरी दांगो' या जपानी प्रेमकथेवरून आशियाभर निघालेल्या मालिकांवर पानभर लेख होता. लेखासोबत चार फोटो होते, चारही नायकांचे. मात्सुमोतो जुन, जेरी यान, ली मिन-हो वगैरे. नायिकांच्या वाट्याला मात्र एकच वाक्य आलं: 'नायिका सगळीकडे तीच, गरीब पण स्वाभिमानी.' हे वाक्य चुकीचं आहे आणि ते वाचून मला वाईट वाटलं, म्हणून हे पत्र.

मी अकरावी-बारावीला वनस्पतिशास्त्र शिकवत असे. निवृत्तीनंतर नातीबरोबर बसून या पाचही मालिका पाहिल्या. सुरुवात तिच्या आग्रहाने झाली, पुढे मीच तिला हाका मारू लागले. पहिल्याच दिवशी नात म्हणाली, ''आजी, हिच्या नावाचा अर्थ तण आहे म्हणे.'' तेव्हा माझे कान टवकारले.

योको कामियो यांची ही चित्रकथा १९९२ साली 'मार्गारेट' या मुलींच्या नियतकालिकात सुरू झाली आणि २००३पर्यंत चालली. तिचं शीर्षक 'हाना योरी दांगो' ही मुळात जपानी म्हण आहे. फुलं बघायला गेलेल्या माणसाचं लक्ष फुलांपेक्षा दांगोकडे, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या उकडलेल्या गोळ्यांकडे जास्त, असा तिचा अर्थ. कामियोंनी 'दांगो'च्या जागी मुलगे या अर्थाची चिन्हं लिहून श्लेष साधला. शीर्षकात फूल आहे, श्रीमंत मुलांच्या टोळक्याचं नाव 'फ्लॉवर फोर' आहे, आणि नायिकेचं नाव? त्सुकुशी. आपल्या पाठ्यपुस्तकात टेरिडोफायटामध्ये, म्हणजे नेच्यांच्या गटात, जे इक्विसेटम येतं, त्याचा वसंतात जमिनीतून वर येणारा फिकट तपकिरी कोंब. जपानीत तो 'मातीतला कुंचला' अशा अर्थाच्या चिन्हांनीही लिहितात. या वनस्पतीला फूल येतच नाही, ती बीजाणूंवर वाढते. फुलांच्या गोष्टीत लेखिकेने बिनफुलाची मुलगी उभी केली आहे. मला तर हे वाचून टाळी वाजवावीशी वाटली.

आणि चिवट किती! मुळासारखे दिसणारे तिचे खोड जमिनीत खोलवर पसरलेले असते. उपटायला जावं तर तुटतं आणि प्रत्येक तुकड्याला नवा कोंब येतो. आपल्या शेतकऱ्याला हरळी आणि लव्हाळा जसा छळतो, तसंच. फरक एवढाच की लव्हाळी पुरात वाकते म्हणून वाचते असं आपण म्हणतो. त्सुकुशी वाकत नाही. जमिनीखाली घट्ट धरून असते, म्हणून उरते.

आता मालिकांतल्या मुली याच मापाने बघा.

२००५च्या जपानी मालिकेत इनोउए माओने त्सुकुशी केली. तेव्हा ती अठरा वर्षांची होती आणि अठराचीच दिसते. आईवडिलांनी ऐपत नसताना मोठ्या शाळेत घातलेली, मान खाली घालून दिवस मोजणारी. मैत्रिणीची बाजू घेते म्हणून तिच्या कपाटात लाल चिठ्ठी लागते आणि सगळी शाळा तिच्यावर तुटून पडते. तेव्हा ती 'फ्लॉवर फोर'च्या म्होरक्याला, म्हणजे नायक दोम्योजीला, ठोसा मारून युद्ध पुकारते. इनोउएचा राग आधी डोळ्यांत येतो, मग हनुवटीत, मग हातात. घरी मात्र हीच मुलगी आईबापांच्या भाबड्या स्वप्नांसमोर हतबल होते. पाचही जणींत मला हीच मूळ त्सुकुशीच्या सर्वांत जवळची वाटते. कारण ती प्रेमात पडल्यावरही चिडणं सोडत नाही.

तैवानची मालिका हिच्या चार वर्षं आधीची, २००१ची. तिथे शाळेच्या जागी महाविद्यालय आलं आणि नायिका झाली शान-त्साय. लेखात हे नाव 'स्थानिक चिनी नाव' म्हणून झटकून टाकलं आहे. ते तसं नाही. ज्या चिन्हांनी 'शान-त्साय' लिहितात, तीच जपानीत 'सुगिना' वाचतात, आणि सुगिना म्हणजे इक्विसेटमचाच हिरवा कोंब. आधी तपकिरी त्सुकुशी येते, बीजाणू उधळून सुकते, मग त्याच खोडातून हिरवी सुगिना येते. वनस्पती एकच. तैवानमध्ये नाव बदललं, पण मूळ तेच राहिलं.

शू शीयुआन, जिला जग बार्बी शू म्हणून ओळखतं, तेव्हा चोवीस वर्षांची होती. तिची शान-त्साय जास्त थकलेली, जास्त जाणती आहे. पावसात नायक दाओमिंगला सोडून जाते तो प्रसंग पाहा. त्यात ती रडते, पण कुणी सावरावं म्हणून रडत नाही. निर्णय तिचा आहे आणि त्याची किंमत तिला ठाऊक आहे. त्या मालिकेची छायाचित्रण-सजावट साधीच होती, आज पाहताना ती जुनाट दिसते. तरी ही मुलगी जुनी वाटत नाही. चीनमध्ये २००२ साली या मालिकेचं प्रक्षेपण थांबवलं गेलं, तरुणांवर वाईट परिणाम होईल म्हणून. फिलिपिन्समध्ये, इंडोनेशियात तिने लोकांना वेड लावलं.

कोरियन मालिकेबद्दल मला जरा जास्त लिहायचं आहे, कारण आपल्याकडच्या मुलींनी बहुधा हीच आधी पाहिली. २००९ सालचे पंचवीस भाग, कू हे-सन नायिका. नाव गुम जान्दी. जान्दी म्हणजेही गवतच, पण हिरवळीचं. पुढे 'गुम' लागलं की सोनेरी हिरवळ. तण कुणी लावत नाही, ते आपलं आपण उगवतं. हिरवळ लावतात, कापतात, तिच्यावरून चालतात. नावातला हा बदल जाणूनबुजून केला असेल की नाही, पण माझ्या मते जान्दीचं पुढे अगदी तेच झालं.

सुरुवात मात्र पाचही मालिकांत सर्वांत धाडसी तिचीच आहे. धोब्याच्या दुकानातली मुलगी कपडे पोचवायला शाळेत जाते आणि गच्चीवरून उडी मारणाऱ्या विद्यार्थ्याला वाचवते. जलतरणाच्या शिष्यवृत्तीवर तिथेच शिकू लागते. नायक गू जुन-प्योला उडी मारून लाथ घालते. तो पाण्यात बुडू लागतो तेव्हा बाहेर काढून त्याच्या छातीवर दाब देऊन श्वास आणते. तिची आईसुद्धा काय बाई आहे! नायकाची आई पैशांची थप्पी घेऊन आपला मुलगा सोडवायला येते, तर ही तिच्या डोक्यावर मीठ ओतते. त्या प्रसंगाला मी आणि नात दोघी उभ्या राहिलो होतो.

आणि मग हळूहळू ही पोर कापली जाते. खांदा दुखावतो, पोहणं सुटतं. एकेका भागात कुणी तिला उचलून नेतो, कुणी कोट पांघरतो, कुणी पाठीवर घेतो. शेवटी नायक तिला विसरतो, तर त्याची स्मृती जागी करायला ती काय करते? स्वतः पाण्यात पडते, त्याने उडी मारून वाचवावं म्हणून. जी पोहून इतरांना वाचवत होती, तिला बुडायला लावलं. पुढे ती वैद्यकीय शिकायला जाते हे दाखवलं आहे, पण ते शेवटच्या घाईत. कू हे-सनचा दोष मी मानत नाही. पहिल्या आठ-दहा भागांत ती काय करू शकते ते तिने दाखवलं होतं. दोष लिहिणाऱ्यांचा.

२०१८ची चिनी आवृत्ती तैवानच्याच निर्मातीने, ऐंजी छाय यांनी, पुन्हा केली. शेन युए गोड आहे, आहारशास्त्र शिकते, छान स्वयंपाक करते. पण तिथे छळच इतका सौम्य केला आहे की तिने चिडावं तरी कशावर? फरशी फोडायचीच नसेल तर तण दिसणार कुठून. एकोणपन्नास भागांत मला दोनदा डुलकी लागली.

थायलंडच्या २०२१च्या मालिकेतली गोर्या मात्र पाहाच. नावाचा अर्थ गवताचा ठोंब. त्या लाल चिठ्ठीसारखं लाल कार्ड परत आलं, आणि छळ होत असताना भोवती उभे राहून मोबाइलवर चित्रण करणारी पोरंही आली. तू तोंतावान ही नायिका फारशी ओरडत नाही, पण सहज माफही करत नाही. मला तिच्यात २००५च्या त्सुकुशीची धाकटी बहीण दिसली.

पाच मुली, एकच कथा, आणि तरी प्रत्येकीला तण म्हणून किती वाढू दिलं ते वेगळं. हे न बघता 'सगळीकडे तीच' असं लिहिलं, तर इनोउएचा तो ठोसा आणि जान्दीचं ते बुडणं एकाच रांगेत बसतं. आपल्याकडे दूर्वा नावाच्या मुली घरोघर आहेत. आपल्याला तरी गवताच्या नावाचं मोल कळायला हवं होतं.

एक विनंती. शू शीयुआन फेब्रुवारी २०२५मध्ये जपानमध्ये फ्लूनंतरच्या न्यूमोनियाने गेली. अवघी अठ्ठेचाळीस वर्षांची होती. आपल्या लेखात तिचं नावसुद्धा नाही. या विषयावर पुढे काही छापलंत, तर पहिला फोटो तिचा घ्यावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा