नव्या पोरांचं सगळ्यांसमोर कौतुक करून मोकळे होणाऱ्या साहेबांसाठी

संपादक साहेब, नमस्कार.

कॉलेजमधून निघालेली पोरं सध्या नागपूरच्या बुटीबोरी, हिंगणा, मिहान या औद्योगिक भागांत सगळीकडे नोकरीला लागून राहिली आहेत म्हणून हे लिहितो. मी हिंगणा एमआयडीसीत एका कंपनीत स्टोअरला आहे बरीच वर्षं. गेल्या वर्षी आमच्याकडे एक पोरगी ट्रेनी म्हणून आली. आमच्याकडे स्टॉक बिन कार्डवर (मालाच्या खणाला लावलेलं नोंदीचं कार्ड) वेगळा, रजिस्टरमध्ये वेगळा आणि कॉम्प्युटरवर तिसराच, तर तिनं कोणी न सांगता एक्सेलमध्ये शीट बनवली, माल मिनिममच्या खाली गेला की लाल दिसते. प्रॉडक्शनवाल्यांचे बोंबलणारे फोन कमी झाले हो.

पण स्टोअरमध्ये सुरू झालं, 'नव्याचे नऊ दिवस, होईल थंड', 'मॅडमला मॅनेजर व्हायचं दिसते'. तिला रजिस्टर पाहिजे असलं की नेमकी कपाटाची चावी सापडत नाही. आता हे सगळं जळणं आहे असंही नाही. मागं एकानं पॅकिंगचा टाइम कमी करून दाखवला तर वरच्यांनी सगळ्यांचं टार्गेट वाढवलं अन् एक हेल्पर काढला, लोकं विसरले नाहीत ते. एकाच्या हुशारीनं दुसऱ्याचा हेल्पर जात असेल तर तो टाळ्या काहून वाजवणार?

खरा घोळ साहेब लोक करतात. आमच्या साहेबांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हटलं, 'शिका काही हिच्याकडून', झालं, त्या दिवसापासून तिच्यासोबत डबा खायला कोणी बसेना. वरून बाकीच्या डिपार्टमेंटच्या शीटाही तिच्याच गळ्यात, स्टायपेंड तेवढाच. आमचे जुने स्टोअरकीपर काका आहेत, कोणता सप्लायर उशीर करतो, कोणता माल पावसाळ्यात गंजतो सगळं तोंडपाठ, त्यांना तिच्या बाजूला बसवून शीटवर दोघांचं नाव टाकलं असतं तर काकाच सगळ्यांना दाखवत फिरले असते.

अन् भिंतीवर कायझेनचा, म्हणजे कामात थोडी थोडी सुधारणा करत राहायच्या जपानी पद्धतीचा, बोर्ड आहे बरं का! टोयोटानं १९५१ मध्ये कामगारांकडून सूचना मागवायची पद्धत सुरू केली, लाइनवरच्या माणसालाच विचारायचं म्हणून. आमचा बोर्ड ऑडिटच्या आदल्या दिवशी भरतो, तोही साहेब सांगतील तसा.

ती पोरगी आता मिहानमध्ये इंटरव्ह्यू देऊन राहिली आहे. परवा मला विचारत होती, काका, स्वतःहून काय केलं असं विचारलं तर शीटचं सांगू की नको? म्हटलं सांग, पण तिथं टार्गेट कोण ठरवते हे आधी विचारून घे.

– एक वाचक, हिंगणा रोड, नागपूर