आई-बाबा, फेसबुकवर आलात, आता लिहा पण

प्रिय आई आणि बाबा,

तुमच्या दोघांच्या फ्रेंड रिक्वेस्ट एकदमच आल्या, इतकं छान वाटलं ना! फोनवर सांगायला घेतलं की बाबा "कळलं कळलं" म्हणतात आणि विषय बदलतो, म्हणून लिहूनच पाठवतेय, मोबाइल हातात घेऊन वाचा.

आधी प्रोफाइल लॉक करा. स्वतःच्या प्रोफाइलवर गेलात की तीन टिंबं दिसतील, ती दाबली की तो पर्याय येतो. भारतात २०२० मध्ये ही सोय आली, खास करून बायकांना फोटोंची काळजी वाटते म्हणून. लॉक केलं की अनोळखी माणसाला तुमचा फोटो मोठा करून बघता येत नाही की डाउनलोड करता येत नाही, आणि तुमच्या पोस्ट फक्त मित्रयादीतल्यांनाच दिसतात.

बाबा, जो आधीच तुमच्या यादीत आहे त्याचीच परत रिक्वेस्ट आली तर घेऊ नका, आधी त्याला फोन लावा. फोटो तोच, नाव तेच, पण खातं भलत्याच कुणीतरी काढलेलं असतं, आणि मग मेसेंजरवर येतं की माझ्या सीआरपीएफमधल्या मित्राची बदली झालीय, फर्निचर अगदी स्वस्तात देतोय, ॲडव्हान्स पाठवा. खूप जणांचे पैसे असे गेलेत. चुकून गेलेच तर लाजत बसायचं नाही, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा, जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम मधेच अडवता येण्याची शक्यता जास्त. ओटीपी कुणालाच नाही, मी मागितला तरी नाही!

पण एवढं वाचून घाबरून नुसतं लोकांचं बघत बसू नका हो, मला तेच नकोय. बाबा, ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा तुम्ही पाटणला होतात, त्यानंतर सगळी आळी कशी उघड्यावर झोपायची ते तुम्ही आम्हाला सांगता, ते लिहा ना. टाइप करायचा कंटाळा असेल तर कीबोर्डवर मराठी निवडून माइक दाबा आणि बोला, जोडाक्षरं कुठे चुकली तर नंतर नीट करता येतात. प्रोफाइल लॉक असताना स्वतःच्या पानावर सगळ्यांसाठी पोस्ट टाकता येत नाही, म्हणून हे सातारा-पाटणच्या एखाद्या पब्लिक ग्रुपमध्ये टाका, ज्यांनी ती पहाट पाहिलीय ते खाली आपापलं लिहितील बघा. फक्त पब्लिक ग्रुपमधलं कुणीही वाचू शकतं, तिथे फोन नंबर किंवा आम्ही अमुक दिवस गावाला चाललोय वगैरे नको.

आणि आई, आजीच्या जात्यावरच्या ओव्या आता फक्त तुलाच येतात. दादा आला की मोबाइल आडवा धरून एक तरी रेकॉर्ड करून घे, ती आधी मला टॅग कर.

अडलं तर स्क्रीनशॉट काढून व्हॉट्सॲपवर टाका, रात्री उशिरा टाकलात तरी चालेल.

तुमची,
मनू